घरच्या ओटीजीत पिझ्झेरियाच्या तोडीचा पिझ्झा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाककृती हव्या तेवढ्या मिळतात. तरी घरच्या ओटीजीत, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये, पिझ्झा बिघडतो, आणि बहुतेक वेळा कारणं दोनच असतात: बुडाखाली पुरेशी उष्णता साठलेली नसते आणि पिठाला पुरेसा वेळ मिळालेला नसतो. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच दोन गोष्टींपाशी येतात. मापं सगळी ग्रॅममध्ये दिली आहेत. वाटी-चमच्याच्या मापाने हे काम होत नाही, म्हणून पहिली खरेदी साध्या डिजिटल काट्याची करा.

पिझ्झेरियासारखा म्हणजे नेमका कुठल्या पिझ्झेरियासारखा?

हे आधी ठरवा. कारण पीठ, ओव्हन आणि वेळ यावरच ठरतं.

नेपल्सच्या पिझ्झ्याचे नियम तिथल्या पिझ्झावाल्यांच्या संघटनेने लिहून ठेवले आहेत. ही संघटना 1984 मध्ये स्थापन झाली. पिठात फक्त मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट. लाकडावरच्या भट्टीचा तळ साधारण 380 ते 430 अंश, घुमट 480 च्या पुढे, आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत बाहेर. कड फुगलेली, तिच्यावर काळे ठिपके, मधला भाग इतका मऊ की तुकडा उचलला की टोक खाली झुकतं. तिथल्या पिझ्झावाल्यांची ही कला 2017 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

न्यूयॉर्कचा पिझ्झा वेगळा. साधारण 290 ते 320 अंशांच्या डेक ओव्हनमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या ओव्हनमध्ये, तो काही मिनिटं भाजतात. पिठात थोडं तेल, बऱ्याचदा साखरही असते. बूड खुसखुशीत, पण तुकडा दुमडता येतो.

घरच्या 250 अंशांच्या ओटीजीत नेपल्सचा पिझ्झा होत नाही. तेलसाखर नसलेलं ते पीठ 250 अंशांना आठ-दहा मिनिटं राहिलं की वाळतं, कडक होतं आणि तरीही पांढरंच राहतं. न्यूयॉर्कच्या जवळचा पिझ्झा मात्र ओटीजीत खरोखर उत्तम होतो. या पानावरची मापं त्याच्यासाठी आहेत. नेपल्सचाच हवा असेल तर वेगळा ओव्हन लागतो, त्याबद्दल पुढे आहे.

ओटीजी 250 च्या वर जात नाही. मग उष्णता आणायची कुठून?

प्लेटमधून. ओव्हनमधली हवा 250 अंश असली तरी हवेतून पिठात उष्णता हळू जाते. तितक्याच तापलेल्या लोखंडाच्या जाड प्लेटला पीठ टेकलं की बुडाला एकदम उष्णता मिळते, पिठातलं पाणी लगेच वाफ होतं आणि कड उचलली जाते. पातळ अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये ही उष्णता साठतच नाही. थंड पीठ ठेवलं की ट्रे थंड पडतो आणि बूड उकडल्यासारखं राहतं.

पिझ्झा स्टोनपेक्षा स्टीलची प्लेट ओटीजीसाठी बरी. स्टीलमधून उष्णता दगडाच्या दहा पटींहून जास्त वेगाने वाहते, म्हणून 250 अंशांचं स्टील जास्त तापलेल्या दगडाचं काम करतं. 450 अंशांच्या भट्टीत गणित उलटतं. तिथे स्टीलवर बूड काही सेकंदांत करपतं, म्हणून तिथे दगडच वापरतात.

प्लेट कुठे मिळते? किती जाड घ्यायची?

तयार बेकिंग स्टील ऑनलाइन मिळतं, पण ग्रिल-शटर बनवणाऱ्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून माइल्ड स्टीलची, म्हणजे एमएसची, प्लेट कापून घेणं सर्वांत स्वस्त. ओव्हनच्या आतल्या मापापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर कमी ठेवा. प्लेटने पूर्ण जागा अडवली तर खालची गरम हवा वर येत नाही आणि वरची बाजू कच्ची राहते.

जाडी 6 मिलिमीटर पुरते. 35 × 35 सेंटिमीटरची 6 मिलिमीटर प्लेट पावणेसहा किलोच्या आसपास भरते, 8 मिलिमीटरची साडेसात किलोच्या पुढे जाते. छोट्या ओटीजीची जाळी एवढं वजन पेलेल का ते आधी हाताने दाबून बघा. जाळी वाकत असेल तर प्लेट लहान करा. कडा आणि कोपरे घासून घ्यायला सांगा. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली प्लेट घेऊ नका. ती अन्नासाठी नाही.

नव्या एमएस प्लेटवर निळसर-काळा थर असतो. तो पुढे पापुद्र्यासारखा सुटतो आणि पिझ्झ्याला लागतो. प्लेट रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या घासणीने घासा, साबणाने धुऊन लगेच गॅसवर पूर्ण कोरडी करा. मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. तेल दिसेल इतकं नको, कापडाने पुसून काढा. 250 अंशांना तासभर तापवून ओव्हनमध्येच थंड होऊ द्या. असं तीनदा केलं की बिडाच्या तव्यासारखा काळा थर बसतो. त्यानंतर प्लेट धुवायची नाही, पत्र्याने खरवडून पुसायची.

शहाबादी फरशी किंवा कडप्प्याचा तुकडा चालेल का?

नको. फरशीने धरलेला ओलावा तापला की वाफ होतो आणि फरशी तडकते, कधी कपचा उडतो. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर बऱ्याचदा रेझिनचा लेप असतो, तो तर अन्नाजवळ येताच कामा नये. दगडच हवा असेल तर कॉर्डिएराइटचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या खनिजाचा, पिझ्झा स्टोन घ्या.

ओव्हन किती वेळ आधी लावायचा?

ओटीजीचा दिवा विझला म्हणजे हवा तापली, प्लेट नाही. 6 मिलिमीटर प्लेटला किमान 45 मिनिटं द्या, 8 मिलिमीटरला तास. लेझर थर्मामीटर असेल तर प्लेटचा मध्य 250 च्या जवळ पोचल्याशिवाय पिझ्झा ठेवू नका. प्लेट घासून चकचकीत असेल तर हा थर्मामीटर कमी तापमान दाखवतो. काळा थर बसलेल्या प्लेटवर आकडा बरोबर येतो.

प्लेट आणि वरचा रॉड यांत 8 ते 10 सेंटिमीटर अंतर ठेवा. तापवताना दोन्ही रॉड आणि पंखा चालू. पिझ्झा ठेवायच्या पाच मिनिटं आधी फक्त वरचा रॉड चालू करा. इथे एक अडचण येते: आतलं तापमान 250 ला पोचलेलं असल्यामुळे थर्मोस्टॅट रॉड बंद करून बसतो, आणि तुम्हाला तर तो लालभडक हवा असतो. अशा वेळी दार पाऊण-एक मिनिट उघडं ठेवा. हवा थंड होते, रॉड पेटतो, प्लेटला काही फरक पडत नाही.

ओटीजी 2000 वॅटचा असेल तर तो नऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. 16 अँपिअरच्याच सॉकेटला लावा. एक्स्टेन्शन बोर्डवर तासभर चालवू नका.

साधा मैदा चालतो की इटालियन पीठच हवं?

साधा मैदा चालतो, फक्त त्याची मर्यादा माहीत हवी. बाजारातल्या मैद्यात प्रथिनं साधारण 10 टक्क्यांच्या आसपास असतात. पाकिटाच्या मागे आकडा छापलेला असतो, तो वाचा. दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये आंबवायच्या पिठाला 12 ते 12.5 टक्के लागतात. नाहीतर ग्लूटेनचं, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनांचं, जाळं सैल पडतं आणि ताणताना भोकं पडतात.

उपाय सोपा आहे: ग्लूटेन पावडर. तिच्यात प्रथिनं पाऊणशे टक्क्यांच्या आसपास असतात, त्यामुळे 580 ग्रॅम मैद्यात 20 ग्रॅम घातली की मिश्रण 12 टक्क्यांवर येतं. कोरडीच मैद्यात नीट मिसळून चाळा. आधी पाणी लागलं तर रबरासारख्या गाठी होतात आणि त्या कितीही मळून मोडत नाहीत.

इटालियन पिठाच्या पाकिटावरच्या ‘00’ वर भुलू नका. इटलीत ते चिन्ह पीठ किती पांढरं आहे, म्हणजे ते जाळल्यावर राख किती कमी उरते, ते सांगतं. ताकद किती ते नाही. 00 पीठ केकचंही असतं आणि पिझ्झ्याचंही. शिवाय नेपल्सच्या भट्टीसाठी बनवलेलं 00 पीठ 250 अंशांना लवकर रंग धरत नाही. त्यामुळे ओटीजीसाठी महाग इटालियन पिठावर खर्च करण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही. तोच पैसा प्लेटवर आणि चांगल्या चीजवर घाला.

कणकेचा करता येईल का?

निम्म्यापेक्षा जास्त कणीक घातली तर जे तयार होतं त्याला पिझ्झ्याचा पोत येत नाही. कोंड्याचे कण ग्लूटेनचं जाळं कापतात, आणि चक्कीत पिठातला स्टार्च जास्त फुटतो म्हणून पीठ पाणी भरपूर पितं पण चिकट होतं. 20 टक्क्यांपर्यंत कणीक छान लागते, गव्हाची चव येते. तेवढ्यासाठी पाणी 15 ते 20 ग्रॅम वाढवा. ज्वारी-नाचणीत ग्लूटेनच नाही, त्यामुळे हाताने ताणायचा पिझ्झा त्यांचा होत नाही.

पिठाचं नेमकं माप आणि कृती?

25 सेंटिमीटरच्या पाच पिझ्झ्यांसाठी:

मैदा 580 ग्रॅम
ग्लूटेन पावडर 20 ग्रॅम
पाणी 372 ग्रॅम
मीठ 16 ग्रॅम
तेल 12 ग्रॅम
साखर 6 ग्रॅम
इन्स्टंट यीस्ट 1.5 ग्रॅम (सपाट अर्धा टीस्पून, सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजलं तर उत्तम)

पाणी पिठाच्या 62 टक्के आहे. ग्लूटेन न घालता नुसत्या मैद्याचं करत असाल तर 58 टक्क्यांवर, म्हणजे 600 ग्रॅमला 348 ग्रॅमवर थांबा.

कोरडं सगळं मिसळा, मीठ बाजूला ठेवा. पाणी घालून कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत कालवा आणि झाकून 20 ते 30 मिनिटं विसरून जा. या वेळात पीठ पाणी शोषतं आणि निम्मं मळण्याचं काम आपोआप होतं. मग मीठ भुरभुरवा, तेल घाला आणि आठ-दहा मिनिटं मळा. सुरुवातीला तेलाने पीठ सुटं सुटं होतं, घाबरू नका, दोन मिनिटांत एकजीव होतं. वरून मैदा भुरभुरवत राहिलात तर पाण्याचं प्रमाण बिघडतं. हात चिकटत असतील तर किंचित ओले करा.

झालं का ते बघायला लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांनी हळूहळू ताणा. पडदा न फाटता इतका पातळ झाला की पलीकडचा उजेड दिसतो, म्हणजे पीठ तयार. फाटत असेल तर पाच मिनिटं झाकून ठेवा आणि पुन्हा दोन मिनिटं मळा.

तासभर (उन्हाळ्यात अर्धा तास) झाकून ठेवा. मग 200 ग्रॅमचे पाच गोळे करा. कडा खाली दुमडत, ओट्यावर हाताच्या कडेने स्वतःकडे ओढत गोळा घट्ट वळा, खालची चीर चिमटीने बंद करा. तेलाचा हात लावलेल्या वेगवेगळ्या डब्यांत झाकण लावून लगेच फ्रीजमध्ये. सगळं पीठ एका पातेल्यात ठेवून नंतर गोळे करायचे म्हटलं तर मोठ्या उंड्याचा गाभा थंड व्हायला काही तास लागतात, तोवर आत आंबणं चालूच राहतं.

मे महिन्यात पीठ पाच-सहा तासांतच आंबून जातं. काय करायचं?

मळून झाल्यावर पिठाचं तापमान 24 अंशांच्या आसपास हवं. बेकरीवाल्यांचा हिशेब असा: 24 ची तिप्पट 72. त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि हाताने मळण्याच्या घर्षणाचे दोन अंश वजा करा. उरेल ते पाण्याचं तापमान.

मुंबईत 32 अंश असताना पाणी 6 अंशांचं लागतं, म्हणजे फ्रीजमधल्या बाटलीतलं. पुण्याच्या डिसेंबरात खोली 20 अंश असेल तर पाणी 30 चं, हाताला जेमतेम कोमट. नागपूर-जळगावकडे मेमध्ये खोलीच 38 असेल तर उत्तर शून्याखाली जातं. तिथे मैदाच आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा. मैदा 10 अंशांचा असला की 22 अंशांचं, माठातल्याइतकं गार पाणी पुरतं. बर्फ वापरलात तर तो पाण्याच्याच वजनात धरा आणि पूर्ण विरघळू द्या.

यासोबत यीस्ट 1.5 वरून 1 ग्रॅमवर आणा. मिक्सर किंवा फूड प्रोसेसरमध्ये मळणाऱ्यांनी तर बारा महिने गार पाणीच घ्यावं. पात्याने पीठ चटकन तापतं.

यीस्ट कोमट पाण्यात फुलवून घ्यायचं का?

इन्स्टंट यीस्ट असेल तर गरज नाही, ते कोरडंच मैद्यात मिसळा. पाकिटावर ‘अॅक्टिव्ह ड्राय’ असेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा आणि माप थोडं जास्त, म्हणजे दीड ग्रॅमच्या जागी दोन ग्रॅम, घ्या. बेकरीतून ओलं यीस्ट आणलं तर तिप्पट वजन. मिठाच्या स्पर्शाने यीस्ट मरतं ही भीती सोडा. मळताना दोन्ही एकत्र आले तर काही होत नाही. यीस्ट मरतं ते 55-60 अंशांच्या पुढच्या गरम पाण्याने आणि दमट हवेने. कोकणात पावसाळ्यात उघडं पाकीट आठवड्याभरात निकामी होऊ शकतं, म्हणून हवाबंद बाटलीत फ्रीझरमध्ये ठेवा.

फ्रीजमध्ये किती वेळ? त्याच दिवशी केला तर काय बिघडतं?

48 तास उत्तम, 72 पर्यंत चालतो. थंडीत यीस्ट मंदावतं पण पिठातली विकरं स्टार्चची साखर करत राहतात. त्या साखरेने कडेला रंग आणि चव येते, आणि जाळं सैलावल्यामुळे पीठ सहज ताणलं जातं. तीन तासांत फुगवलेलं पीठ फुगतं खरं, पण चवीला नुसतं यीस्ट लागतं.

चौथ्या दिवसानंतर उलट सुरू होतं. यीस्टने साखर संपवलेली असते, म्हणून भाजताना कड पांढरी राहते. पीठ पसरतं, दारूसारखा वास येतो, हात लावताच फाटतं. अशा पिठाचा गोल पिझ्झा करायच्या फंदात पडू नका, तेल लावलेल्या पॅनमध्ये दाबून पॅन पिझ्झा करा.

गोळे फ्रीजच्या दारात ठेवू नका. तिथलं तापमान सतत वरखाली होतं.

ताणलं की पीठ परत आकसतं. का?

थंड आहे किंवा नुकतंच वळलेलं आहे. उन्हाळ्यात 45 मिनिटं, थंडीत दीड-दोन तास आधी गोळे बाहेर काढा. अर्धवट ताणून झाल्यावर आकसलं तर हट्ट करू नका, पाच मिनिटं सोडा. जबरदस्ती केली की मध्यभागी फाटतं.

लाटण्याने लाटलं तर?

दोन दिवसांत जमलेला सगळा वायू लाटणं एका फेरीत बाहेर काढतं. बूड पापडीसारखं पातळ हवं असेल तर लाटा, पण कड फुगणार नाही.

हाताने असं करा: ओट्यावर मैदा आणि बारीक रवा समप्रमाणात पसरा. गोळा डब्यातून न चेपता, खालची बाजू वर येईल असा पालथा करा. बोटांच्या टोकांनी मध्यापासून बाहेर दाबत जा, पण कडेचा दीड सेंटिमीटर अस्पर्श ठेवा. उलटा करा, पुन्हा तेच. 18 सेंटिमीटर झालं की दोन्ही मुठींवर घेऊन फिरवा, पिठाच्या स्वतःच्या वजनाने ते ताणलं जाऊ द्या. मुठी मध्याखाली नाहीत, कडेच्या आत हव्यात. मध्य आधीच सर्वांत पातळ असतो. ज्यांना ज्वारीची भाकरी थापता येते त्यांचा हात इथे लवकर बसतो, फक्त भाकरीत कड पातळ करायची सवय असते ती इथे सोडावी लागते.

सॉस कोणत्या टोमॅटोचा?

इटलीत पिझ्झ्याचा सॉस सहसा शिजवत नाहीत. डब्यातले सोललेले टोमॅटो हाताने कुस्करून मीठ घातलं की झालं. डबा परवडत असेल तर तसंच करा: 400 ग्रॅमला 4 ग्रॅम मीठ, चमचाभर ऑलिव्ह तेल, बस.

आपल्याकडचा गोल गावठी टोमॅटो आंबट आणि पाणीदार असतो, तो कच्चा वापरला तर पिझ्झ्यावर तळं होतं. लांबट, गराचे आणि पूर्ण लाल टोमॅटो निवडा. बाजारातून कडक आणले असतील तर दोन-तीन दिवस बाहेर, टोपलीत पिकू द्या. एक किलो टोमॅटोला चिरा पाडून उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका, साल काढा, बिया आणि रस चाळणीवर गाळा. नुसता गर जाड बुडाच्या कढईत 20 ते 25 मिनिटं आटवा. 400 ग्रॅमच्या आसपास उरतो. फार आंबट असेल तर अर्धा चमचा साखर. चमचा ओढल्यावर मागे पाणी सुटत नाही, हा दाटपणा बरोबर. तयार टोमॅटो प्युरी चालते, पण तीही तशीच आटवून घ्या. केचप नको, त्यातली साखर करपते आणि सगळा पिझ्झा गोड होतो.

25 सेंटिमीटरला 60 ग्रॅम, म्हणजे चार मोठे चमचे. पसरल्यावर मधूनमधून पीठ दिसलं पाहिजे.

चीज कोणतं?

कमी पाण्याचं मोझरेला, अख्खी वडी घेऊन घरी किसलेलं. किसून मिळणाऱ्या पाकिटात धागे चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्याने चीज कोरडं वितळतं. पाकिटामागचे घटक वाचा: दूध, मीठ, कल्चर, मायक्रोबियल एन्झाइम इतकंच हवं. वनस्पती तेल दिसलं तर ते नकली चीज आहे, परत ठेवा. चौकोनी क्यूब किंवा स्लाइसचं प्रोसेस्ड चीज वितळतं पण तार येत नाही.

पाण्यातलं ताजं मोझरेला वापरायचं असेल तर बोटभर तुकडे करून फ्रीजमध्ये चाळणीवर तीन-चार तास निथळा आणि टिपून घ्या. ओटीजीत पिझ्झा सात मिनिटं असतो, तेवढ्यात ते खूप पाणी सोडतं.

25 सेंटिमीटरला 80 ग्रॅम पुरतं. चीज फ्रीजमधून थेट काढून घाला. गार असलं की तूप सुटण्याआधी कड भाजून होते. शाकाहारींसाठी महत्त्वाचं: खरं पार्मिजानो रेज्जानो (पार्मेझान) वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या विकराने, बनतं. हिरव्या ठिपक्याचं पार्मेझान घ्या, त्यात सहसा मायक्रोबियल रेनेट असतं.

बेझिल नाही. तुळस घालू का?

तुळशीला लवंगेसारखा उग्र वास आहे, टोमॅटो-चीजवर ती हावी होते. पण सब्जाचं बी घरात असेल तर कुंडीत पेरा. सब्जा ही बेझिलचीच जात आहे. पानांचा वास इटालियन बेझिलपेक्षा जरा तिखट असतो, तरी तुळशीपेक्षा खूप जवळचा. पानं पिझ्झा बाहेर काढल्यावर घाला, आत काळी पडतात.

भाज्या किती आणि कशा?

सगळ्या मिळून 50 ते 60 ग्रॅम. कांदा कागदासारखा पातळ, सिमला मिरची पातळ पट्ट्या. मशरूम आधी कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परता. पनीर वितळत नाही, वाळतं. मॅरिनेट करून शेवटच्या दोन मिनिटांसाठी घाला. कच्चं चिकन पिझ्झ्यावर शिजत नाही, आधी पूर्ण शिजवा.

फळीवरून प्लेटवर सरकत नाही, चिकटून बसतो.

जुनी प्लायची फळी किंवा उलटा ट्रे पीलचं, म्हणजे पिझ्झा सरकवायच्या फावड्याचं, काम करतो. तिच्यावर बारीक रवा भुरभुरवा. नुसता मैदा ओला होऊन डिंक होतो. ताणलेलं पीठ फळीवर आलं की मिनिटभराच्या आत सॉस, चीज, भाज्या आणि ओव्हन. सगळं आधी मांडून ठेवा. सॉस लावल्यावर फळी हलवून बघा. अडकला असेल तर कड उचलून तिथे रवा सारा. सॉस कडेवरून फळीवर गळला तर मात्र तिथे चिकटणारच.

सुरुवातीला बेकिंग पेपरवर ताणून कागदासकट प्लेटवर ठेवा आणि तीन मिनिटांनी कागद ओढून काढा. कागदावर किती अंश लिहिलेत ते पाहा. बाहेर आलेल्या कडा कापा, वरच्या रॉडजवळ त्या पेटू शकतात.

भाजताना नेमकं काय करायचं?

25 सेंटिमीटरचा पिझ्झा सहा-सात मिनिटं. ठेवल्यावर पहिली तीन मिनिटं दार उघडू नका, कड तेव्हाच फुगते. चौथ्या मिनिटाला अर्धा फिरवा, ओटीजीत मागची बाजू बहुतेक जास्त तापते. बूड उचलून बघा, तपकिरी ठिपके दिसले की झालं. काढल्यावर दोन मिनिटं जाळीवर ठेवा. ताटात ठेवला की वाफेने बूड ओलं होतं. पुढच्या पिझ्झ्याआधी दोन्ही रॉड लावून प्लेटला आठ-दहा मिनिटं द्या, नाहीतर दुसरा पिझ्झा पहिल्यापेक्षा फिका येतो.

बूड करपतं, वर चीज अजून पांढरं.

प्लेट खालच्या रॉडच्या फार जवळ आहे. एक खाच वर घ्या आणि भाजताना खालचा रॉड बंद ठेवा. उलट, वरून झालं आणि बूड फिकं असेल तर प्लेट तापलेली नव्हती.

सॉसखाली पिठाचा गिळगिळीत थर राहतो.

सॉस जास्त किंवा पातळ, मधला भाग जाड, किंवा पीठ फ्रीजमधून थेट वापरलं. तिन्ही नीट असतील तर मिनिटभर जास्त भाजा. कापल्यावर थर दिसतोय पण पीठ शिजलेलं आहे, असं असेल तर तो फक्त सॉस मुरलेला भाग आहे.

कड पांढरीफटक राहते.

क्रमाने तपासा: प्लेटचा वेळ, वरचा रॉड पेटलेला आहे का, पिठात साखर पडली का, पीठ चार दिवसांपेक्षा जुनं तर नाही. बाहेर काढायच्या आधी कडेला तेलाचा ब्रश फिरवणं ही मलमपट्टी आहे, तरी पाहुणे दारात असताना उपयोगी पडते.

ओव्हनच नाही. तव्यावर?

जाड लोखंडी किंवा बिडाचा तवा मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं तापवा. नॉनस्टिक नको, 260 अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो. पीठ 20 सेंटिमीटर ताणून तव्यावर टाका, दीड मिनिट. उलटा. भाजलेल्या बाजूवर सॉस-चीज घाला, आच कमी, खोल झाकण, तीन-चार मिनिटं. वरून रंग येणार नाही, पण बूड झकास होतं. ब्यूटेनची टॉर्च असेल तर वरचा रंगही येतो.

मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनमध्ये लोखंडी तवा ठेवायचा असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोडमध्ये, आणि पुस्तिकेत धातूला परवानगी असेल तरच.

ओटीजी फारच कमजोर आहे, 220 लाही पोचत नाही.

मग पॅन पिझ्झा करा, त्याला कमी उष्णता चालते. 25 सेंटिमीटरच्या काळ्या पॅनमध्ये 12 ग्रॅम तेल, 70 टक्के पाण्याचं 260 ग्रॅम पीठ, बोटांनी पसरून दीड-दोन तास फुगू द्या. चीज अगदी कडेपर्यंत टाका, पॅनला लागून त्याची खमंग खरपुडी होते. डेट्रॉइटमध्ये 1946 पासून चौकोनी पिझ्झा असाच लोखंडी ट्रेमध्ये करतात. 18 ते 20 मिनिटं लागतात. बूड फिकं राहिलं तर पॅन दोन मिनिटं थेट गॅसवर फिरवा.

गॅसवर चालणारा छोटा पिझ्झा ओव्हन घ्यावा का?

महिन्यातून तीन-चारदा करत असाल आणि गच्ची किंवा अंगण असेल तर जरूर. त्याचा दगड 400 च्या पुढे जातो आणि नेपल्सचा पिझ्झा घरी होतो. मग वरच्या मापातून तेल आणि साखर काढून टाका, नाहीतर दीड मिनिटात कड कोळसा होते. मधला भाग शिजायच्या आत कडेचा एक भाग जळतो, म्हणून दर 15 ते 20 सेकंदांनी फिरवत राहावं लागतं. बंद गॅलरीत किंवा स्वयंपाकघरात तो कधीही लावू नका. आगीचा धोका आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

नेपल्स किंवा न्यूयॉर्कच्या पाण्यामुळे पिझ्झा चांगला होतो म्हणतात.

पाण्याने पडणारा फरक प्लेट, वेळ आणि चीज यांच्या मानाने नगण्य आहे. नळाचं, आरओचं, दोन्ही चालतं.

पीठ साठवता येतं का? आणि उरलेला पिझ्झा?

24 तास फ्रीजमध्ये आंबलेले गोळे तेल लावून वेगवेगळ्या पिशव्यांत फ्रीझ करा, महिनाभर टिकतात. वापरायच्या आदल्या दिवशी फ्रीजमध्ये खाली आणा, मग नेहमीसारखे दोन तास बाहेर. कड थोडी कमी फुगते.

उरलेला तुकडा मायक्रोवेव्हमध्ये चामट होतो. तापलेल्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं ठेवा, बाजूला पाण्याचे चार थेंब टाकून झाकण लावा, आणखी एक मिनिट. बूड पुन्हा कुरकुरीत, चीज पुन्हा मऊ.